आभा नंबर काढावा का? आधी ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते बघा

वाचकाचं पत्र

‘नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ५१. घरी मी, मिस्टर, सासरे आणि धाकटी मुलगी. शेजारीच दिरांचं घर. मामंजींना ७८ पूर्ण झाली. त्यांना शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी पुण्याला अँजिओप्लास्टी झाली आणि आता किडनीचं निघालंय. त्यांचे कागद पिशवीत घालून मीच सगळीकडे फिरते. पुण्याचं डिस्चार्ज कार्ड कुठे गेलं ते सापडत नाही. मागच्या महिन्यात केसपेपर काढायला गेले तर खिडकीवरच्या मुलीनं भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला आणि “आभा काढा, मोबाईल द्या” म्हणाली. पुतण्या म्हणतो, आता ते सक्तीचं झालंय, नसेल तर फुकट उपचार मिळणार नाहीत. दीर म्हणतात, अजिबात काढू नका, सगळ्यांचे आजार सरकारच्या एका कॉम्प्युटरात जातात आणि तिथून विमा कंपन्यांना. माझी भीती वेगळीच आहे. सहा वर्षं झाली, मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते. मिस्टरांखेरीज कुणाला माहीत नाही. मुलीसाठी स्थळं बघतोय. उद्या कुणी नंबर टाकला आणि सगळं बाहेर आलं तर? आमच्या घरी सगळीकडे मोबाईल पुतण्याचाच दिलेला असतो, त्यालाच त्यातलं कळतं. काय करू?’

उत्तर

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. घरातल्या सगळ्यांच्या नावापुढे पुतण्याचा मोबाईल नंबर आहे. सरकार, विमा कंपनी, हॅकर यांच्याबद्दल बोलूच. पण तुमची गोष्ट बाहेर पडायचीच असेल, तर दिल्लीच्या कुठल्या यंत्रणेतून पडण्याआधी ती त्या फोनमधून पडेल. पुतण्या वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो, तो परवानगी देणारा ठरतो, एवढंच. आणि आभा, म्हणजे तुमचे आरोग्याचे कागद जोडणारा नंबर, ज्या योजनेतला आहे तिचा पाया परवानगी हाच आहे.

आधी पुतण्याचा घोळ सोडवू. दवाखान्याच्या खिडकीवर दोन कार्डांची सरमिसळ रोज होते. आयुष्मान कार्ड हे उपचारांच्या खर्चाचं. केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं ते कार्ड, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देणारं. आपल्याकडे ही योजना महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या जोडीने चालते. मामंजी सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणजे त्यांना उत्पन्नाची कुठलीही अट न लागता ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळू शकतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. ते काढलं नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या. त्याला आधार लागतं.

आभा ही वेगळी गोष्ट. तो १४ आकडी नंबर आहे आणि त्याच्यामुळे एक रुपयाचाही उपचार फुकट होत नाही. तुमच्या तपासण्या, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डं वेगवेगळ्या दवाखान्यांत पडलेली असतात, ती तुमच्याच नावाची आहेत हे ओळखता यावं म्हणून तो आहे. तो ऐच्छिक आहे. योजनेच्या डेटा धोरणातच लिहिलंय की हा नंबर नाही म्हणून कुणालाही आरोग्यसेवा नाकारता येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी खिडकीवर कुणी आग्रह धरला तर शांतपणे सांगा, ‘आज साधा केसपेपर द्या, आभाचं मी घरी विचार करून बघते.’

आता दिरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे आणि अर्धं नाही. आभा ज्या योजनेतला आहे, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन १५ ऑगस्ट २०२० ला सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक म्हणून सुरू झालं आणि २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं. त्याच्या रचनेत सगळ्या रुग्णांच्या फायली दिल्लीतल्या एका कॉम्प्युटरात ओतायच्या असं ठरलेलं नाही. पुण्यातल्या हॉस्पिटलचा रिपोर्ट पुण्याच्याच हॉस्पिटलच्या यंत्रणेत राहतो, लॅबचा लॅबकडे. मध्यभागी असतो तो तुमचा नंबर, तुमची ओळख आणि कुणाकडे तुमचं काय आहे याची जोडणी. दुसऱ्या डॉक्टरांना ते बघायचं असेल तर त्यांच्याकडून तुमच्या फोनवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. सगळे कागद द्यायची गरज नसते. फक्त रक्ताचे रिपोर्ट, फक्त गेल्या सहा महिन्यांचे, फक्त आठवडाभरासाठी, असं कमी करून देता येतं. नंतर परवानगी काढूनही घेता येते. पण तोवर समोरच्याने प्रिंट काढली असेल तर ती कुठलंही बटण दाबून परत येत नाही.

भिंतीवरचा तो क्यूआर कोडही समजून घ्या. तो स्कॅन केल्यावर खिडकीवर जातं ते नाव, वय, पत्ता, मोबाईल. रांगेत उभं राहून तेच तपशील सांगायचे वाचतात, टोकन मिळतं. जुने आजार त्या स्कॅनने कुणाला दिसत नाहीत. मात्र त्या भेटीत तयार होणारे कागद तुमच्या आभाला जोडले जाऊ शकतात. म्हणून कुठे स्कॅन करायचं आणि कुठे नाही, हे ठरवूनच करायचं.

पण ‘रचना अशी आहे’ म्हटल्याने तुमच्या दिरांची भीती फोल ठरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयात नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं दोनेक आठवडे हातानेच करावी लागली. सिंगापूरसारख्या काटेकोर देशात २०१८ मध्ये १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली आणि त्यात खुद्द पंतप्रधानांचीही होती. माहिती एकाच ठिकाणी ठेवा नाहीतर शंभर ठिकाणी, प्रत्येक ठिकाण नीट राखावं लागतं. शंभर ठिकाणी ठेवली तर एका फटक्यात सगळं जात नाही, हा फायदा खरा. पण त्यातलं एखादं छोटं हॉस्पिटल पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवत असेल, हा धोकाही तितकाच खरा.

कायद्याबद्दलही माझी नाराजी आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या आधीच्या मसुद्यांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, तिला जास्तीचं संरक्षण होतं. अंतिम कायद्यात तो वेगळा वर्ग राहिला नाही. माझा आजार आणि माझ्या ऑनलाईन खरेदीची यादी यांना एकच माप लावणं मला मान्य नाही. एस्टोनिया या छोट्या देशात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य नोंदणी आहे, आणि माझी फाईल कुणी कधी उघडली हे तिथल्या रुग्णाला घरबसल्या बघता येतं. विनाकारण उघडणाऱ्याला जाब द्यावा लागतो. आपल्याकडे परवानगीची यादी ॲपमध्ये दिसते, ती चांगलीच गोष्ट. पण हॉस्पिटलच्या आत कुणी कुणी ती फाईल चाळली, हेही रुग्णाला दिसलं पाहिजे. ही मागणी आपण लावून धरायला हवी.

विमा कंपनीला तुमचे कागद आपोआप दिसत नाहीत, तिलाही परवानगी मागावीच लागते. पण क्लेम करताना आपणच सगळे कागद देतो, तेव्हा आभा काढला नाही म्हणजे विमा कंपनीला कळणार नाही, या भरवशावर कुणी राहू नये. विमा घेताना आजार लपवला तर फटका आपल्यालाच बसतो.

आता मामंजी. माझं मत स्पष्ट आहे: त्यांचा आभा काढा. शुगर, हृदय आणि किडनी अशा तिन्ही बाजूंनी घेरलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो तो एका डॉक्टरांचं दुसऱ्यांना माहीत नसण्याचा. गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली साधी पेनकिलर किडनीला महागात पडू शकते. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू असतात. दात काढायचा म्हणून कुणी त्या परस्पर बंद करायला सांगितल्या, तर स्टेंट बंद पडण्याची भीती असते. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की शुगरच्या काही गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, काही बंदच कराव्या लागतात. ही माहिती बसल्या जागी डॉक्टरांसमोर यावी, यासाठी ही योजना चांगली आहे आणि ती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पण नंबर काढला की मागचे सगळे कागद आपसूक त्यात येऊन पडतील, अशी समजूत करून घेऊ नका. बहुतेक जुनं कागदावरच आहे आणि ते कागदावरच राहणार. तालुक्याचे डॉक्टर अजून हाताने लिहीत असतील तर त्यांचं काहीच जोडलं जाणार नाही. ॲपमध्ये आपण स्वतः फोटो काढून कागद चढवू शकतो, पण त्यासाठी कागद हवा ना. म्हणून खरं काम त्या पिशवीत आहे.

मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काढली आहेत, तेव्हा हे जरा सविस्तर सांगते. पुण्याच्या हॉस्पिटलला आजच लेखी अर्ज करा. मामंजींचं पूर्ण नाव, भरती झाल्याची तारीख, आठवत असेल तर आयपीडी (भरती रुग्णाचा) नंबर, खाली मामंजींची सही, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. त्याच नियमावलीत भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचं बंधन आहे. म्हणजे तीन वर्षांनंतर ते मिळतीलच असं नाही. तुमची दोन झाली आहेत. आभाची घाई नाही, ताई, या अर्जाची आहे. डिस्चार्ज कार्ड तर मागाच, शिवाय अँजिओप्लास्टीचा रिपोर्ट मागा. कुठल्या रक्तवाहिनीत कुठला स्टेंट बसवला ते त्यात असतं. पैसे भरल्याचं बिल घरात असेल तर तेही शोधा. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हापासून बिलात स्टेंटची कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा असतो. बिलं लोक हिशोबाच्या फाईलमध्ये ठेवतात, म्हणून ती दवाखान्याच्या पिशवीत सापडत नाहीत.

पिशवीतले ईसीजी आज बाहेर काढा. तो कागद उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो, वर्षा-दोन वर्षांत रेषाच दिसेनाशा होतात. त्याची झेरॉक्स काढा. जपून राहावा म्हणून लॅमिनेशनला मात्र कधीच देऊ नका, गरम मशीनमधून गेला की तो अख्खा काळा होतो. असे काळे कागद जपून छातीशी धरून आणलेले लोक मी पाहिले आहेत. अँजिओग्राफीची सीडी असेल तर ती उघडणारं मशीन आता घरोघरी राहिलेलं नाही, कुणाकडून तरी ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: मामंजींचे आजार, स्टेंटची तारीख, सध्याच्या गोळ्या मिलिग्रॅमसकट, शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, कशाची ॲलर्जी असेल तर ती. रात्री दोन वाजता नेट नसताना, फोनची बॅटरी संपलेली असताना डॉक्टरांच्या हातात द्यायला हा कागद लागतो.

आभा काढण्याआधी मामंजींना विचारा. आजार त्यांचा आहे. ‘तुमचे रिपोर्ट फोनमध्ये राहतील, डॉक्टर मागतील तेव्हा आपण दाखवायचे, चालेल का?’ एवढं समजावून सांगितलं तरी पुरे. ते नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर कुणाचा मोबाईल द्यायचा तेही त्यांनाच ठरवू द्या. त्यांचं सगळं तुम्ही बघता, तेव्हा तुमचा नंबर हे माझ्या दृष्टीने योग्य उत्तर.

आणि आता तुमचं. आभाच्या ॲपमध्ये मोबाईल नंबरने शिरलं की त्या नंबरला जोडलेली घरातली सगळी नावं समोर येतात, त्यातलं कुठलंही निवडून आत जाता येतं. सगळ्या घराला एकच नंबर दिला की काय होतं, ते यावरून लक्षात येईल. म्हणून तुमच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या, साधा रिचार्ज ठेवा, फोनला तुमचाच पिन ठेवा. फोन कुलूपबंद असताना मेसेज पडद्यावर दिसू नये, ही सेटिंग मुलीकडून बदलून घ्या, कारण सांगायची गरज नाही. तुमच्या आधारलाही पुतण्याचाच नंबर असेल तर तो आधी बदला. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन ते होतं, पोस्टमनकडूनही होतं, कागदपत्रं लागत नाहीत. बँकेसाठीसुद्धा हे केलेलं बरं. एवढं होईपर्यंत तुमचा आभा काढू नका.

त्यानंतरही मानसोपचाराच्या ठिकाणी आभा देऊ नका, असंच मी सांगेन. एका दवाखान्यात दिला म्हणून सगळीकडे द्यावा लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, माझी नोंद कुठे ठेवता, कॉम्प्युटर कोण हाताळतं. तुमच्या गावापासून लांबच्या मेडिकलमधून गोळ्या घेत असाल तर बिलावर पुतण्याचा नंबर टाकला जात नाही ना, तेवढं बघा. ‘बिल व्हॉट्सॲपवर पाठवलंय’ म्हणत गोळ्यांची नावं कुणाच्याही फोनवर जाऊन पडतात, त्याला आभा लागत नाही.

नुसता नंबर टाकून कुणाला तुमची फाईल उघडता येत नाही. स्थळाकडचे, मध्यस्थ, नातेवाईक, कुणालाच नाही. तुम्ही ओटीपी सांगितलात किंवा परवानगी दिलीत तरच ती उघडते. खिडकीवर कुणी ‘काकू, ओटीपी सांगा’ म्हटलं की ‘कशाचा आहे?’ हे विचारल्याशिवाय सांगू नका. मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या, गर्दी थांबली तरी थांबू दे.

मात्र नातेवाइकांपासून लपवणं आणि तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवणं, यात फार फरक आहे. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर नेहमीच्या काही पेनकिलर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलसारखं दुखण्यावरचं औषध त्यांच्यासोबत घातक ठरू शकतं. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असलंच पाहिजे. चारचौघांत बोलायला नको वाटत असेल तर गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. स्थळं येऊ लागली या धास्तीने गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका, त्याचा त्रास फार होतो. सहा वर्षं घर सांभाळून, सासऱ्यांची एवढी आजारपणं काढून तुम्ही उपचार चालू ठेवलेत. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, आणि मुलीच्या सासरी हे सांगायचं की नाही, हे तुम्ही आणि मुलीने ठरवायचं. कुठल्या यंत्रणेने ते तुमच्या वतीने ठरवायचं नाही.

एक शक्यता राहते. तुमचा आभा आधीच निघालेला असेल. २०२१ मध्ये लशीच्या रांगेत आधार दाखवलेल्या कित्येकांचे हेल्थ आयडी (आभाचं तेव्हाचं नाव) त्यांना नीट न सांगताच तयार झाले होते. आधारचा नंबर बदलून झाला की आभाच्या संकेतस्थळावर आधारने शिरून बघा, आधीचा असेल तर तोच समोर येईल. त्याला कुठला मोबाईल जोडलाय ते तपासा आणि तो बदलून घ्या. ठेवायचाच नसेल तर तो बंद करण्याची किंवा कायमचा काढून टाकण्याची सोय तिथेच प्रोफाईलमध्ये आहे. हे करताना मुलीला किंवा मिस्टरांना शेजारी बसवा, पुतण्याला नको.